ड्रोन फवारणी आणि लाईटच्या तारा: उडवण्याआधी, उडवताना आणि अडकलाच तर काय करायचं

ड्रोन फवारणीचा धंदा आता गावोगाव झालाय. दहा लिटरची टाकी, एकराला सात-दहा मिनिटं, चिखलात उतरायला नको, अंगावर औषध उडायला नको. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून पाठीवरच्या पंपाची धास्ती विदर्भात तरी सगळ्यांच्या मनात आहेच, त्यामुळे ड्रोन आला ते बरंच झालं. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख. म्हणजे उडवणारे वाढणार. आणि यातले बहुतेक जण मोकळ्या मैदानात शिकून येतात जिथे एकही तार नसते, आणि पहिल्याच हंगामात ज्या शेतात जाऊन उभे राहतात तिथे मधोमध लाईटचा डांब, त्यावरून तीन-चार तारा, कोपऱ्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि तिथून विहिरीकडे गेलेली एक लोंबती सर्व्हिस वायर.

हा लेख नव्याने उडवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या रानातून लाईन गेली आहे त्या शेतकऱ्यांसाठी पण, कारण निम्मी माहिती त्यांच्याकडेच असते.

आधी हे मान्य करा की तार दिसत नाही

गावाकडच्या ११ केव्ही (म्हणजे ११,००० व्होल्ट) लाईनची तार साधारण ८ ते १० मिलिमीटर जाड असते, करंगळीएवढी पण नाही. जुनी झाली की ॲल्युमिनियमची चमक जाते, राखाडी पडते, आभाळ भरलेलं असलं तर आभाळात मिसळते आणि मागे झाडं असली तर झाडांत. समजा दिसली, तरी ती किती लांब आहे हे कळत नाही, कारण आडव्या तारेवर अंदाज घ्यायला काही खूणच नसते. तुम्ही बांधावर रिमोट घेऊन उभे, ड्रोन ८०-१०० मीटरवर, तिथून तो तारेच्या अलीकडे आहे का पलीकडे हे नुसत्या डोळ्याने सांगता येत नाही, कोणालाच नाही, कितीही वर्षांचा अनुभव असू दे.

यावर लगेच उत्तर येतं की "आपल्या ड्रोनला रडार आहे ना". आहे, पण खालचं रडार पिकापासूनची उंची धरायला असतं आणि पुढचं रडार झाड, भिंत, खांब पकडतं. बारीक तार ते कधी पकडतं, कधी नाही. तार तिरकी आली, ड्रोनचा वेग जास्त असला की हमखास सुटते. रडारने वाचवलं तर ठीक, पण त्याच्या भरवशावर फ्लाइट आखायची नाही.

विमानाने फवारणी करणारे लोक हा धडा आपल्याआधी शिकले. ३ ऑगस्ट १९२१ ला अमेरिकेत ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी याने कर्टिस जेनी विमानातून कटाल्पाच्या झाडांवरच्या अळ्यांवर लेड आर्सेनेट टाकलं, तिथून हा प्रकार सुरू झाला. (आपल्याकडे पण हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बसंत नावाचं खास फवारणीचं विमान बनवलं होतं, १९७२ ला उडालं, पुढे ते मागेच पडलं.) अमेरिकेत आजही लाखो एकरांवर विमानं पिकाच्या शेंड्यावरून तीन-चार मीटरने जातात आणि तारेला धडकणं हा तिथल्या पायलटांचा कायमचा धोका आहे. यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी की धडकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती तार तिथे आहे हे आधी माहीत होतं. बघितलेली होती. मग एखादा नोझल बंद पडला, किंवा शेताच्या कडेला गाडी येऊन थांबली, लक्ष तिकडे गेलं आणि तेवढ्या दोन-चार सेकंदात तार डोक्यातून निसटली. ड्रोनवर अगदी तेच होतं, टाकी संपल्याची घंटा वाजते, फोन येतो, मालक येऊन विचारतो "किती राहिलं?" म्हणून तार लक्षात ठेवण्यावर काम सोडायचं नाही. तार लक्षात नसली तरी ड्रोन तिच्याजवळ जाणारच नाही अशी सोय उडवण्याआधीच करून ठेवायची. खालची सगळी कामं त्यासाठीच आहेत.

उंचीचा हिशोब एकदा कागदावर मांडा

नियम असा आहे की शेतातून जाणाऱ्या उघड्या तारा ११ केव्हीपर्यंत जमिनीपासून किमान ४.६ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंत ५.२ मीटर उंच हव्यात. त्यापुढे दर ३३ केव्हीला ०.३ मीटर वाढवायचं, म्हणजे २२० केव्हीच्या टॉवर लाईनला किमान ७ मीटर. हे किमान, आणि ते पण कागदावरचं.

आता ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून साधारण अडीच मीटरवर उडतो असं धरा. सोयाबीन दोन फुटाचं, तिथे ड्रोन जमिनीपासून तीन-सव्वातीन मीटरवर, नियमातली तार त्याच्या वर दीड मीटर. कपाशी दीड मीटर झाली, ड्रोन चार मीटरवर, तारेपासून अंतर राहिलं दोन फूट. आणि ऊस तीन मीटरचा झाला की ड्रोन साडेपाच मीटरवर, म्हणजे लो टेन्शनच्या (डीपीतून मोटरींकडे जाणाऱ्या कमी व्होल्टच्या) आणि ११ केव्हीच्या तारेच्या बरोबर उंचीवर, कुठे कुठे तिच्याही वर. सांगली-कोल्हापूरकडे उसात आणि जळगावकडे केळीत हाच सगळा घोळ आहे. जून-जुलैत ज्या रानात निवांत उडवून आलात त्याच रानात तीन महिन्यांनी ड्रोन थेट तारेच्या पातळीला येतो, नकाशा जुनाच वापरलेला असतो आणि पीक वाढलंय याचा हिशोब कोणी केलेला नसतो.

यात अजून दोन गोष्टी मिसळतात. दोन खांबांच्या मधोमध तार सगळ्यात खाली असते, आणि ऊन तापलं, लाईनवर लोड आला की तार गरम होऊन लांबते, अजून खाली येते. सकाळी बघितलेली तार दुपारी तिथेच असेल असं नाही. दुसरं म्हणजे आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतात, खांब एकमेकांकडे कलले की मधली तार झोळ धरते. ४.६ मीटरचा नियम तिथे संपला. काही शेतात हात वर करून उभं राहिलं तरी भीती वाटावी इतक्या खाली तारा आहेत.

पायी फेरी: तार शोधू नका, खांब शोधा

ड्रोन गाडीतून उतरवायच्या आधी शेताच्या चारही बाजूंनी फिरायचं आणि मधून एकदा. सगळ्यात जास्त उपयोगाचं काम हेच, आणि घाईत सगळ्यात आधी हेच गाळलं जातं. फिरताना बघायचं काय ते सांगतो.

एकेक खांब धरायचा आणि त्याला विचारायचं, तुझ्यावर किती तारा आल्या आणि किती गेल्या. तीन आल्या, तीन गेल्या, ठीक. तीन आल्या आणि पुढे काहीच दिसत नाही, तर एक तर लाईन तिथे संपते किंवा वळून गेली आहे आणि तुम्हाला ती दिसलेली नाही. खांबाला ताण असला, म्हणजे जमिनीत तिरकी रोवलेली स्टे वायर, तर समजायचं की लाईन ताणाच्या उलट बाजूला ओढते आहे, ती इथे संपते किंवा वळते. सरळ जाणाऱ्या लाईनच्या मधल्या खांबाला ताणाची गरज सहसा नसते. हा ताण स्वतः पण ड्रोनला अडवतो, खांबापासून दोन-तीन मीटर बाहेर येऊन जमिनीत जातो आणि पिकात झाकलेला असतो. खांबावरची आडवी पट्टी आणि चिनी मातीचे चिमणे (इन्सुलेटर) कुठल्या दिशेला आहेत त्यावरून तार कुठे जाते ते कळतं, तार नाही दिसली तरी.

मग मोटर शोधायची. विहीर असेल, बोअर असेल, तिथे स्टार्टरची पेटी असेल, तर तिथपर्यंत वीज कुठून तरी आली असणार. जमिनीखालून आली असेल तर उत्तम, पण बहुतेक ठिकाणी ती वरून येते, आणि शेवटच्या शंभर-दोनशे फुटात ती महावितरणच्या खांबावर नसते, बांबूवर असते, बाभळीला बांधलेली असते, कधी लिंबाच्या फांदीतून गेलेली. काळी केबल, झाडाच्या सावलीत, ८-१० फुटांवर. नकाशात नाही, सॅटेलाईट फोटोत नाही. तिचा पत्ता मालकालाच विचारायचा, आणि विचारताना "तारा आहेत का?" असं नाही विचारायचं, कारण त्याचं उत्तर "नाही, तशा काही नाहीत" असंच येतं, त्याला रोजची सवय असते. "काका, मोटरीला लाईट कुठून घेतली?" असं विचारा, मग ते हात करून दाखवतात आणि वर सांगतात की शेजारच्या भाऊकीची पण वायर इथूनच गेली आहे.

मोठ्या टॉवर लाईनमध्ये टोकावर, सगळ्या तारांच्या वर, अर्थवायर असते आणि ती खालच्या तारांपेक्षा बारीक असते. खालच्या जाड तारा बघून उंचीचा अंदाज घेतला आणि वरून जायला गेलात तर ती अडवते. हेलिकॉप्टरवाल्यांना याचा फार त्रास आहे, आपण टॉवर लाईनच्या वरून जायचंच नाही.

द्राक्षबाग असेल तर मांडवाच्या तारा आणि अँगल वेगळे. त्यात करंट नसतो पण पंखा अडकायला तेवढ्या पुरतात.

उंची मोजायची असेल तर पाईप, काठी, टेप यातलं काहीही वर करायचं नाही. स्प्रिंकलरचा ॲल्युमिनियमचा पाईप उभा करून माती झटकताना ११ केव्हीला लागतो आणि माणूस जागेवर जातो, हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे, तरी दर उन्हाळ्यात होतंच. अंदाज खांबावरून घ्या. ८ मीटरचा सिमेंटचा खांब साधारण दीड मीटर जमिनीत असतो, वर उरले साडेसहा, त्यातून तारेचा झोळ मनाने वजा करा आणि जो आकडा येईल त्यातून अजून एक मीटर काढून टाका.

नकाशात तारेची पट्टी कापून काढा

आता जे बघितलं ते ॲपमध्ये घालायचं. बरेच जण खांबाला अडथळा म्हणून गोल मारतात आणि खुश होतात. खांबाला कोण धडकतंय, खांब तर दिसतो! दोन गोलांच्या मधून ड्रोन बिनधास्त जातो आणि तिथेच तार असते. म्हणून गोल नाही, पट्टी. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत, दोन्ही बाजूंनी अंतर सोडून, एक लांबट चौकोन कामातून वगळायचा.

अंतर किती? माझं मत असं: लो टेन्शन लाईन आणि सर्व्हिस वायर असेल तर दोन्ही बाजूंना ५ मीटर, ११ आणि ३३ केव्हीला १० मीटर, टॉवर लाईनला ३० मीटर. हे कुठल्या पुस्तकातले आकडे नाहीत, हिशोबाने आलेले आहेत. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटर असू शकते, आरटीके (जीपीएसची चूक दुरुस्त करणारी जोड) असेल तर ती सेंटिमीटरवर येते. वाऱ्याने तार आडवी झुलते. ड्रोनचा स्वतःचा पसारा मध्यापासून मीटरभर. आणि ड्रोन सेकंदाला ५ मीटरने जात असेल तर तुम्ही "अरे!" म्हणून स्टिक मागे ओढेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे ५ मीटर गेले, त्यानंतर भरल्या टाकीसकट थांबायला अजून काही मीटर लागतात, दहा किलो पाणी पुढे ढकलतं. अर्ध्या टाकीवर तोच ड्रोन पटकन थांबतो, म्हणून सकाळी टाकी निम्मी असताना मारून बघितलेला ब्रेक भरल्या टाकीला लागू होत नाही.

इथे मालकाशी वाद होतो. होणारच. "दादा, तेवढी पट्टी पण मारून द्या की, तेवढ्यासाठी आता पंपवाला कुठून आणू?" गोड बोलून सांगायचं की काका, तेवढ्याचे पैसे कमी करा पण ती पट्टी पंपानेच मारा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगायची जी फार कमी लोक सांगतात: ड्रोनच्या टाकीत उरलेलं औषध पाठीवरच्या पंपात ओतायचं नाही. ड्रोनमध्ये एकराला १० लिटर पाण्यात जेवढं औषध असतं तेवढंच पंपाने मारताना दीडशे-दोनशे लिटरमध्ये असतं. तेच घट्ट द्रावण पंपाने मारलं तर पीक करपेल आणि मारणाऱ्या माणसाला त्रास होईल तो वेगळाच. पट्टीसाठी लेबल बघून नवीन पाणी, नवीन माप.

ओळी कुठल्या दिशेने

लाईन शेताच्या कडेने जात असेल तर ड्रोनच्या ओळी लाईनला समांतर ठेवायच्या. आडव्या ठेवल्या तर प्रत्येक ओळीच्या शेवटी ड्रोन तारेकडे तोंड करून पूर्ण वेगात येतो, वळणावर थोडा पुढे सरकतो, आणि एकरात अशी वळणं कितीतरी. समांतर ठेवलं की तारेजवळची एकच ओळ धोक्याची राहते. ती ओळ वेग कमी करून, बॅटरी ताजी असताना, मदतनीस जागेवर उभा असताना मारायची, शेवटी घाईत नाही. नांगराच्या तासांची दिशा काय आहे याच्याशी ड्रोनला काही घेणं नसतं, पण मालक "तासानं मारा" म्हणतो आणि आपण मान डोलावतो, ते नको.

लाईन शेताच्या मधून जात असेल तर ते एक शेत समजूच नका. दोन शेतं. एका बाजूचं काम संपवा, ड्रोन उतरवा, उचलून दुसऱ्या बाजूला न्या, तिथून नवीन उड्डाण. पाच मिनिटं जास्त जातील. तारेखालून काढायचं तर नावच घेऊ नका. खालून जाणारे आहेत, व्हिडिओ पण टाकतात. ड्रोन तारेखाली असताना सिग्नल तुटला किंवा बॅटरी खाली गेली तर तो आपोआप घरी परत यायच्या मोडमध्ये जातो, आणि त्या मोडमध्ये सगळ्यात पहिलं काम करतो ते म्हणजे सरळ वर चढणं. वर तार आहे.

बांधाचं पण बघा. लाईन बऱ्याचदा बांधावरून गेलेली असते आणि बांधावर तूर, गिरीपुष्प, झुडपं असतात. खालचं रडार झुडपाला पीक समजून ड्रोनला वर उचलतं, नेमकं तारेखाली. म्हणून ओळ बांधाच्या अलीकडेच संपवा.

परत यायची उंची आणि टेकऑफची जागा

वर सांगितलं तो घरी यायचा मोड प्रत्येक शेतात तपासायचा, कालच्या शेताचं सेटिंग आज चालत नाही. शेतात लो टेन्शन किंवा ११ केव्ही असेल तर परत यायची उंची १५ मीटर ठेवली की तारांच्या आणि खांबाच्या वरून येतो. झाडं उंच असतील तर अजून वाढवा. टॉवर लाईन असेल तर उंचीवर भरवसा ठेवू नका, टॉवर बरेच उंच असतात, तिथे सिग्नल तुटल्यावर ड्रोनने जागेवर थांबावं किंवा उतरावं असं सेटिंग ठेवा. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे टेकऑफची जागाच अशी निवडायची की शेताच्या कुठल्याही कोपऱ्यातून सरळ रेषेत परत येताना मधे लाईन लागणार नाही. सावली बघून टेकऑफ निवडतात लोक, आणि सावली असते डीपीशेजारच्या झाडाची.

डीपीजवळ, लोखंडी खांबाजवळ, चालू मोटरीजवळ कंपास कॅलिब्रेट करायचा नाही. कंपास चुकला की ड्रोन सरळ जातोय असं वाटत असताना तिरका जातो.

मदतनीस कुठे उभा करायचा

बहुतेक ठिकाणी मदतनीस पायलटशेजारी उभा राहून मोबाईल बघतो किंवा बादलीत औषध कालवत असतो. त्याचा खरा उपयोग तारेच्या रेषेत आहे. लाईन ज्या दिशेने गेली आहे त्या दिशेला तोंड करून, खांबापासून लांब, कशालाही न टेकता, तारेच्या बरोबर रेषेत नजर लावून उभं राहायचं. तिथून त्याला तार आणि ड्रोन यांच्यातली फट सरळ दिसते, जी पायलटला बाजूने कधीच दिसत नाही. वॉकीटॉकी असेल तर छान, नाहीतर फोन चालू ठेवून कानात हेडफोन. शब्द एकच ठरवायचा, "थांब". "जरा इकडे, अरे नाही तिकडे, उजवीकडे" असलं काही नाही, कारण त्याची उजवी आणि ड्रोनची उजवी वेगळी. थांब म्हटलं की स्टिक सोडायची, ड्रोन जागेवर थांबतो, मग बोला काय ते. अंगावर औषध येणार नाही अशी बाजू वारा बघून ठरवा आणि मास्क लावायला लावा.

ऊन, वारा आणि औषध

सकाळी लवकरची फवारणी चांगली, पण तेव्हा सूर्य खाली असतो. सूर्याकडे तोंड करून तारेजवळ उडवायचं नाही, तुम्ही बाजू बदला. थंडीत धुकं असेल तर खांब दिसेपर्यंत थांबा. तारेजवळच्या ओळीत वारा तारेकडे वाहत असेल तर ती ओळ वारा पडल्यावर.

औषधाबद्दल एक. विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं ही सगळी क्षारांची पाणी आहेत, वीज वाहून नेतात. त्यांचा थर खांबावरच्या चिमण्यांवर बसला, वर धूळ बसली आणि सकाळी दव पडलं की चिमण्यावरून ठिणगी जाऊ शकते, मग फीडर (सबस्टेशनवरून निघालेली लाईन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि सगळं गाव विचारतं काय झालं. वारा डीपीकडे असेल तर लांब राहायचं याचं हे दुसरं कारण.

"लाईट गेलेली आहे, उडवा बिनधास्त"

हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. शेतीच्या फीडरला पाळीने लाईट असते, पाळी नसताना तारा मेलेल्या वाटतात. पण पाळी बदलते, मधेच सिंगल फेज सोडतात, आणि त्याच खांबावरून दुसऱ्या फीडरची तार गेलेली असू शकते. तार नेहमी चालूच समजायची.

याचा पुढचा भाग जास्त भारी असतो: "थांबा, डीपीवर जाऊन फ्यूज काढून येतो." काढू द्यायचा नाही. एक तर तो त्याचा अधिकार नाही. दुसरं, त्या डीपीवर अजून दहा-पंधरा जणांच्या मोटरी असतात, त्यातल्या एकाची मोटर बंद पडली की तो सायकलवर येतो, फ्यूज पडलेला बघतो आणि लावून जातो, त्याला काय माहीत इथे ड्रोन उडतोय. तिसरं, डीपीचा फ्यूज काढला तरी डीपीपर्यंत येणारी ११ केव्ही चालूच असते. लाईन खरंच बंद हवी असेल तर महावितरणच्या कार्यालयातून रीतसर, आणि फवारणीसाठी ते कोणी करत नाही. त्यापेक्षा पट्टी सोडणं सोपं.

अडकलाच तर

ड्रोन तारेत अडकला, किंवा तार तोडून खाली पडला. सगळ्यांचा हात आधी ड्रोनकडे जातो कारण पाच-सात लाखाची वस्तू आहे, कर्ज काढून घेतलेली. तरी थांबायचं. या क्रमाने:

रिमोटवरून मोटर बंद करा. परत उडवून सोडवायचा प्रयत्न नाही, त्याने दोन तारा एकमेकींना लागतात.

सगळ्यांना मागे घ्या, तार खाली पडली असेल तर किमान १० मीटर, ओल्या रानात त्याहून लांब. जमिनीत करंट पसरलेला असतो आणि मोठी ढांग टाकली की दोन पायांत फरक पडून झटका बसतो, म्हणून तारेजवळ असाल तर दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवरून घासत घासत बाहेर या. बैलं, शेळ्या, कुत्रं यांना पण आवरा, जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्यांना लवकर लागतं.

१९१२ ला फोन करा, शिवाय गावच्या लाईनमनचा आणि जवळच्या सबस्टेशनचा नंबर आधीच फोनमध्ये असावा, कारण पटकन फीडर बंद तेच करू शकतात. सांगताना गाव, गट नंबर, डीपीचं नाव किंवा खांबावरचा नंबर, आणि "तार तुटून खाली पडली आहे" का "ड्रोन वर अडकला आहे" हे स्पष्ट सांगा.

बांबू, दोरी, वाळलेली काठी यातल्या कशानेही ओढायचं नाही. वाळलेल्या काठीचा भरवसा घरातल्या २३० व्होल्टला पण नसतो, ११,००० ला तर विचारूच नका. लाईट गेली म्हणून जवळ जायचं नाही, ट्रिप झालेली लाईन सबस्टेशनवरून परत चालू करून बघतात. लाईनमन स्वतः येऊन लाईन बंद करून, अर्थिंग करून "आता या" म्हणेपर्यंत लांबच.

बॅटरीने पेट घेतला तर जळू द्या. तारेजवळ पाणी मारायचं नाही, आणि तो धूर विषारी असतो, त्यात टाकीतलं औषध पण जळत असतं, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा.

माणसाला शॉक लागला आणि तो अजून तारेला किंवा ड्रोनला चिकटलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही, लाईन बंद झाल्यावरच. बंद झाल्यावर श्वास नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि १०८ ला फोन. हे छाती दाबायचं प्रत्येक ड्रोनवाल्याने एकदा नीट शिकून घ्यावं, मोबाईलवर बघून नाही, प्रत्यक्ष.

नंतरची कागदपत्रं: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघाताची माहिती ४८ तासांत ऑनलाईन कळवायची असते. विमा असतोच, थर्ड पार्टी बंधनकारक आहे, पण तुमच्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट नसेल किंवा ड्रोनला नोंदणी नंबर नसेल तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते. त्या दिवशीचा नकाशा, लॉग, खांबांचे फोटो जपून ठेवा, तुम्ही पट्टी सोडली होती हे दाखवायला दुसरं काही नसतं.

खाली आलेल्या तारेचं काय

फेरीत तार फारच खाली दिसली, खांब कलला असेल, ताण तुटला असेल, तर ते काम तुमचं नाही आणि मालकाचं पण नाही. लांबून दोन फोटो काढा, एकात खांबाचा नंबर दिसेल असा, दुसऱ्यात तारेखाली पीक किंवा उभा माणूस दिसेल असा, म्हणजे उंची कळते (माणूस तारेपासून लांबच, फक्त फोटोत शेजारी). ते मालकाला द्या आणि गट नंबर, डीपीचं नाव लिहून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यायला सांगा, पोच घ्यायला सांगा. १९१२ वर तक्रार नोंदवली तर तिचा नंबर पण अर्जावर लिहायचा. आणि हे ऊस कमरेएवढा असतानाच करा, एकदा ऊस डोक्यावर गेला की खांबापर्यंत शिडी, गाडी, माणसं काहीच नेता येत नाही, वायरमन बांधावरून बघतो आणि म्हणतो तोड झाल्यावर बघू.